कोपाचे घर

फार पूर्वीची ही गोष्ट आहे. परंतु 'फार पूर्वी' एवढ्यावर भागवणे बरे नव्हे. समुद्रकाठच्या एका राज्यात, तेथील राजाच्या कारकिर्दीचे अठरावे वर्ष चालू असताना, फाल्गुन महिन्याच्या शुद्ध पक्षात, शिशिर ऋतू सरता सरता ती घडू लागली. लहानांनी ती नीट बसून ऐकावी. मोठ्यांनी मध्येच मान डोलवू नये. कारण जो फार लवकर मान डोलावतो, त्याला आपले कोठे चुकते हे उशिरा कळते.

त्या राज्यात खाडीच्या काठी मिठागरांचे एक गाव होते. भरतीच्या वेळी उघाडीच्या, म्हणजे पाण्याच्या दाराच्या, फळ्या उचलून खारे पाणी आत घ्यावे, ते उथळ वाफ्यांत पसरावे, आणि उन्हाने आटले की तळाशी बसलेले मीठ ओढून त्याच्या राशी कराव्यात, हा त्या गावाचा उद्योग. खाडी आणि आगरे यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध होता. बांध एकच, पण त्याचा एकेक भाग एकेका घराच्या वाटणीला आलेला होता. ज्याने त्याने आपला भाग राखावा, अशी रीत होती.

गावाची आणखी एक रीत होती. एखादे संकट कोसळले की गावकरी देवळात जमत आणि गुरव देवाला कौल लावी. तो पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवी आणि एकेका घराचे नाव घेई. डावी कळी आधी पडली तर नकार. उजवी पडली तर होकार. ज्या घराच्या नावाला उजवी कळी पडे, ते कोपाचे घर ठरे. त्या घरातील माणसाने तोंडात गवताची काडी धरून देवासमोर उभे राहावे, मग ती काढून म्हणावे, "देवा, हे माझ्यामुळे झाले." एवढे म्हटले की लोक त्याला जवळ घेत, त्याच्या पानात पहिला घास वाढत आणि हलक्या मनाने आपापल्या कामाला लागत. न म्हणणाऱ्याचे आगर मात्र गाव काढून घेई. तशी वेळ कोणाच्या आठवणीत आली नव्हती. एका वाक्याने सुटका होत असताना आगर कोण घालवणार?

त्या गावात एक विधवा राहत असे. तिला सगळे काकी म्हणत. आपणही तसेच म्हणू.

काकीचा नवरा मचव्यासह बुडाला होता आणि त्यानंतर लवकरच तिचे एकुलते मूल तापाने गेले होते. त्या दिवसांत तिने नवस केले, उपास केले, देवळाच्या पायरीवर डोके टेकले. उत्तर आले नाही. पुढे तिने विचारणे सोडले. देव आहे असे तिला वाटेनासे झाले. परंतु त्याच्यावर ती रागावली नाही. "जो ऐकायला नाही, त्याच्यावर रागवायचे म्हणजे त्याला पुन्हा हाक मारल्यासारखेच झाले," असे ती म्हणे.

रोज सकाळी बांधावर पाऊल ठेवण्यापूर्वी ती क्षणभर उभी राही आणि मनाशी वाटणी करी. वारा, भरती, ऊन आणि लोकांची जीभ हे आपले नव्हे. आपले हात, आपली जीभ आणि आपला राग, एवढेच आपले. जे आपले नव्हे त्याच्यासाठी झुरायचे नाही. जे आपले आहे त्यात कुचराई करायची नाही. संध्याकाळी फावडे धुताना ती स्वतःला विचारी, "आज कोठे चुकलीस?" उत्तर मिळाले की दुसऱ्या दिवशी ते सुधारी.

विहिरीवर बायका तिची थट्टा करीत.

"काकी, देव नाही म्हणता, मग उचकी लागली की कोणाचे नाव घेता हो?"

"नाव कशाला? पाणी पिते."

गुरव हा तिच्या नवऱ्याचा जुना स्नेही. बांधावर त्याचा भाग तिच्या भागाला लागूनच होता. दोघे माती ओढता ओढता बोलत.

"वहिनी, मी चुकलो तर देव मला पाहतो. तुम्हांला कोण पाहतो?"

"मीच पाहते, भावोजी."

"आणि तुम्ही डोळे मिटलेत तर?"

"तुमचा देव तरी कधी झोपत असेलच की!"

गुरव भाविक होता, पण हसायला कंजूष नव्हता.

असे चालले असता फाल्गुन शुद्ध तृतीयेला अवकाळी पाऊस आला. पांढऱ्याशुभ्र राशी सकाळी होत्या, दुपारी अर्ध्या झाल्या आणि संध्याकाळी वाफ्यांत नुसते गढूळ पाणी उरले. बांधही ठिकठिकाणी मऊ पडला, त्याच्या कडा ढासळल्या. सारा हंगाम डोळ्यांदेखत विरघळून गेला.

गाव देवळात जमले. कौल लागला. एकेक नाव घेता घेता गुरव काकीच्या घरापाशी आला आणि उजवी कळी पडली.

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. कोणी दुष्टपणाने पाहिले असे नाही. बहुतेकांना हायसे वाटले. आपले नाव आले नाही, आणि जिचे आले तिचे येणे स्वाभाविकच होते.

गावचे पाटील समजुतीच्या स्वरात म्हणाले, "बाई, पुनवेपर्यंत मुदत आहे. एक वाक्य म्हणायचे आहे. तुझा देवावर विश्वास नाही ना? मग तर तुला ते आणखीच सोपे. नाही त्याच्यापुढे बोलायला काय जाते?"

"तुमच्यापुढे बोलायचे आहे, पाटील. तुम्ही तर आहात."

"म्हणजे?"

"पाऊस माझ्यामुळे आला असे मला वाटत नाही. वाटत नाही ते म्हणणे म्हणजे खोटे बोलणे. जीभ माझी आहे. ती बिघडवली तर माझ्याजवळ उरले काय?"

"आगर जाईल."

"जाईल. वाईट वाटेल. पण ते ठेवणे न ठेवणे तुमच्या हाती आहे." मग ती वळून सगळ्यांना म्हणाली, "माझे वाक्य राहू द्या बाजूला. बांध मऊ पडला आहे. पुनवेला उधाण येईल. आधी बांध बघा."

"आधी तू म्हण!" गर्दीतून कोणी ओरडले. "कोप उतरल्याशिवाय बांधाला हात लावून उपयोग काय?"

असे ते गाव अडून बसले. काकी बोलली की सगळे ठीक होईल, ही त्यांची समजूत इतकी पक्की होती की कोणी फावडे उचलीना. रोज कोणी ना कोणी तिची मनधरणी करायला येई. ती आपल्या भागावर माती चढवीत असे आणि ते काठावर उभे राहून बोलत असत.

"जे आगर जाणार, त्याचा बांध कशाला गं बांधतेस?" एका शेजारणीने विचारले.

"आज तो माझ्याकडे आहे म्हणून."

"भारीच तुझा हट्ट!"

"हट्ट असेल. तू आलीच आहेस तर ती पाटी दे इकडे."

शेजारणीने पाटी दिली नाही. कोपाच्या घराला मदत करायची नसते.

फाल्गुनी पौर्णिमा उजाडली. देवळासमोर सारे गाव जमले. काकीला बोलावले गेले. ती आली, उभी राहिली, आणि तिने काडी तोंडात धरली नाही. पाटलांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग ते म्हणाले, "आजपासून या बाईचे आगर गावाचे." गुरवाने मान खाली घातली. काकी एवढेच म्हणाली, "उघाडीची खालची फळी कुजली आहे. जो घेईल त्याने ती बदलावी."

त्याच वेळी, भर दुपारी, उधाणाची भरती चढली. माणसे देवळात होती आणि बांधावर कोणी नव्हते. गुरवाच्या भागात बांध फुटला. पाणी एकदा आत शिरल्यावर त्याने कोणी माती चढवली होती आणि कोणी नाही हे पाहिले नाही. काकीचा भाग समोरून टिकला. मागून आलेल्या पाण्याने तोही कापून नेला. लोक धावत आले तेव्हा आगरांच्या जागी खाडी पसरली होती.

आता एखाद्याला वाटेल की गाव शहाणे झाले असेल. तसे झाले नाही. बांध गुरवाच्या भागात फुटला हे सगळ्यांनी पाहिले. पण त्या भागावर माती पडली नव्हती, असे कोणी म्हणाले नाही. "कोप गुरवाच्याच घरी दिसतो," असे म्हणाले.

वद्य सप्तमीला पुन्हा कौल लागला. गुरवाने आपल्याच घराचे नाव घेतले आणि उजवी कळी पडली. मग घरातील एकेका माणसाचे नाव घ्यावे लागले. स्वतःचे घेतले, बायकोचे घेतले, मुलाचे घेतले, डावी पडली. शेवटी सुनेचे नाव घेताना त्याचा आवाज अडखळला. उजवी पडली.

सूनबाई मार्गशीर्षात लग्न होऊन गावात आली होती. "तरीच!" बायका कुजबुजल्या. "हिचे पाऊल पडले आणि लगेच हे सुरू झाले." अमावास्येला तिने देवासमोर उभे राहावे असे ठरले. गावाचा जीव पुन्हा खाली बसला.

पाटील काकीच्या दारी आले. माणूस मनाचा वाईट नव्हता.

"बाई, आनंदाची गोष्ट आहे. सूनबाई बोलली की तुझे आगर तुला परत."

"आणि माझ्या नावाची कळी? ती खोटी होती काय?"

"खोटी कशी असेल? कोप दोन घरांचा होता. तुझा भाग आगर गेल्यावर फिटला, आता तिचा फिटेल. तू फक्त अमावास्येपर्यंत गप्प राहा."

"गप्प राहिले तर आगर माझे?"

"तुझे. बोलायला लावत नाही, खोटेही म्हणायला लावत नाही. आता तरी तक्रार नाही ना?"

पाटील गेले. त्या संध्याकाळी काकीने फावडे धुतले आणि नेहमीचा प्रश्न स्वतःला विचारला. नेहमी उत्तर लवकर मिळे. त्या दिवशी ती पुष्कळ वेळ ओले फावडे हातात धरून बसून राहिली. मग उठली आणि दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिला सूनबाई दिसली. पोरीचे गाल बसले होते. घागर भरून वाहत होती आणि तिचे लक्ष नव्हते.

"भरली गं घागर."

"काकी, मी काय केले असेल हो?"

"मला काय ठाऊक? तू सांग."

"मला आठवत नाही. जेवण जात नाही. उंबऱ्याला पाय लागला असेल, निर्माल्य ओलांडले असेल. देव म्हणतो म्हणजे काहीतरी केलेच असेल ना?"

"देवाचे मला विचारू नकोस, मी त्याच्याकडची नव्हे." काकी कठड्यावर बसली. "मला एक गोष्ट येते, ती सांगते. रोज संध्याकाळी मी स्वतःला विचारते, आज कोठे चुकले. हे विचारायला देव लागत नाही, आणि असला तरी तो काही आड येत नाही. तू विचारून पाहा. चूक सापडली तर खुशाल कबूल कर, मान खाली घालायला नको. नाही सापडली, तर दुसऱ्यांना हवी आहे म्हणून मात्र बनवू नकोस."

"पण मी तसे म्हटले नाही तर देव रागावेल."

"तू त्याला मानतेस ना? मग त्याच्या तोंडावर खोटे बोललेले त्याला आवडेल काय, याचा विचार तूच कर. तो माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक."

सूनबाईने घागर नीट उचलली.

अमावास्येला सकाळी गाव जमले. सूनबाई काडी तोंडात धरून देवासमोर उभी राहिली. तिने काडी काढली, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "देवा, मी रोज शोधले. मला सापडले नाही. तुझ्यासमोर खोटे कसे बोलू?"

एकच गलका झाला. "हे हिचे बोलणे नव्हे," पाटील गरजले. "कोणी शिकवले?"

"मी," काकी पुढे आली. "आणि अजून सांगायचे राहिले आहे, तेही सांगते."

"बाई, तुझे आगर…" पाटील हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे. पुनवेच्या आदल्या दिवशी भावोजींच्या भागात एका खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपताना मी पाहिले. फावडे माझ्या हातात होते. मनात म्हटले, सांगायचे ते सगळ्यांना सांगून झाले, हा भाग माझा नव्हे. आणि घरी गेले. रोज सकाळी मी माझे काय आणि माझे नाही काय याची वाटणी करते. त्या दिवशी ती वाटणी मी माझ्या सोयीची केली. गावाचा राग माझा नव्हता, पण ते बीळ बुजवणे माझ्या हातात होते. बांध फुटला, तो काही अंशी माझ्यामुळे."

मग मागून एक म्हातारा आनंदाने ओरडला, "बघा! पहिला कौल खरा निघाला!"

"अहो आजोबा, गप्प बसा," गुरव म्हणाला. "तो कौल पावसाचा होता, बांधाचा नव्हे."

गुरव पायरीवर येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता, आवाज मात्र स्थिर होता.

"इतकी वर्षे मी कळ्या लावतो आहे. ओली कळी सुकते आणि पडते. मी नाव घेत राहिलो तर कोणाच्या ना कोणाच्या नावाला ती उजवीकडून पडणारच. देव आहे अशी माझी श्रद्धा आहे आणि ती राहील. पण माणसाचे नाव घेऊन 'हाच काय अपराधी?' असे त्याला विचारणे, हा प्रश्नच अपराध होता, आणि तो मी केला. बांधाचा तो भागही माझा. त्यावर मी एक पाटी माती टाकली नाही, कारण वहिनी कधी बोलतात याची वाट पाहत मी देवळात बसलो होतो." मग तो सुनेकडे वळला. "सूनबाई, घरी चल. आधी जेव."

पाटलांचा भाग फुटला नव्हता. परंतु पावसानंतर आपण तो पाहिलाही नव्हता, हे त्यांना ठाऊक होते. उपरण्याचे टोक पिळीत ते म्हणाले, "मीही गेलो नव्हतो." मग आणखी एक जण तसेच म्हणाला, मग त्याच्या शेजारचा. काही जण काहीच म्हणाले नाहीत. तेवढ्यापुरते तेही पुरेसे होते.

"आणि तुझे आगर?" पाटलांनी काकीला विचारले. "त्याचे तू काहीच म्हणत नाहीस."

"ते तुमच्या हाती आहे. दिलेत तर नीट राखीन."

"अगं, डोळ्यांत थोडे पाणी आणून माग तरी!"

"रडून मीठ झाले असते, पाटील, तर आपल्याला खाडी कशाला लागली असती?"

पाटलांना हसू आवरले नाही, आणि ते हसले म्हणून इतरही हसले.

त्याच दिवशी लोक फावडी घेऊन बांधावर गेले. ज्याचा त्याचा भाग असा भेद त्या वेळी कोणी ठेवला नाही. तरी त्या वर्षी गावाला मीठ मिळाले नाही. वाफ्यांत खाडीचा गाळ बसला होता आणि उन्हाळा पुरला नाही. कित्येकांना परगावी मजुरीला जावे लागले. काकीलाही जावे लागले. वेळेवर उचललेल्या पाट्यांनी जे वाचले असते, ते पश्चात्तापाने परत आले नाही. गाव नास्तिक झाले असेही नाही. गुरव पूर्वीसारखीच घंटा वाजवीत राहिला, सूनबाई रोज सकाळी देवाला फूल वाहत राहिली, आणि काकी देवळावरून सरळ पुढे जात राहिली. तिला कोणी अडवले नाही; तिनेही कोणाला अडवले नाही.

पण हे सारे पुढचे. अमावास्येच्या दुसऱ्याच दिवशी नवे संवत्सर लागले. चैत्र शुद्ध तृतीयेला, वसंत ऋतूच्या आरंभी, सारे गाव देवळासमोर बसले आणि दोन गोष्टी ठरल्या. संकट आले की आधी सर्वांनी बांधावर जावे, मग ज्याला जायचे त्याने देवळात जावे. आणि अपराधी शोधण्यासाठी पुन्हा कधीही कौल लावू नये. काकीचे आगर काकीला परत द्यावे, असेही एकमुखाने मान्य झाले. फाल्गुनात उपस्थित झालेला हा प्रश्न त्या दिवशी कायमचा मिटला.

बोध: जे आपल्या हाती नाही त्याचे खापर कोणाच्याही माथी फोडू नये, आणि जे आपल्या हाती आहे ते, देव मानीत असू वा नसू, आपणच करावे.